भात्याचा हात: घरच्या पियानोची आणि सिंथची पत्रं

घरी पियानो, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वाजवणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यांतल्या बऱ्याच जणांचा हात आधी पेटीवर बसलेला आहे, काहींचा कान तानपुऱ्यावर तयार झालेला आहे, आणि आता घरात नवं वाद्य आलं आहे. माझंही शिक्षण याच वाटेनं झालं. वडील ठाण्यात भजनी मंडळाला पेटीची साथ करायचे, सूर त्यांच्याकडून मिळाले. पियानो वांद्र्याला एका गोव्याच्या सरांकडे शिकले. त्यामुळे पत्र लिहिणारा कुठे अडला आहे ते मला लवकर कळतं, आणि पेटी-तानपुऱ्याची शिदोरी किती कामाची आहे हेही मी खात्रीनं सांगू शकते. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. निवडक घेतली आहेत.

मिरजेहून एक निवृत्त बँक कर्मचारी लिहितात: ताई, माझं वय एकसष्ट. उभा जन्म भजनाला पेटी वाजवली. मुलीनं हट्टानं ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेऊन दिला आहे. उजवा हात चालतो, डावा काही केल्या चालत नाही. शिवाय जे वाजवतो ते सगळं सपाट ऐकू येतं. आता या वयात हात वळणार नाही का?

काका, हात वळेल. अडचण वयाची नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि ते भात्यात आहे.

पेटीवर तुमचा डावा हात इतकी वर्षं भाता मारत आला. लोकांना वाटतं की तो हात मजुरी करतो आणि कला उजव्या हाताची. तुम्हाला ठाऊक आहे की तसं नसतं. सूर कुठे फुगवायचा, कुठे दम धरायचा, टाळ वाढले की आवाज किती सोडायचा, हे सगळं भात्याचा हात ठरवतो. उजवा हात फक्त कोणता सूर हे सांगतो. पियानोवर भाता नाही. आवाज लहान की मोठा हे काम आता प्रत्येक बोटाकडे आलं आहे, आणि तुमच्या बोटांना ते कुणी कधी सांगितलेलंच नाही. म्हणून ती सगळे सूर एकाच मापानं वाजवतात.

पियानोची पट्टी साधारण एक सेंटिमीटर खाली जाते. ती किती वेगानं खाली गेली त्यावर आवाज ठरतो. खऱ्या पियानोत आत एक हातोडी असते. पट्टी दाबली की ती तारेकडे भिरकावली जाते आणि शेवटच्या क्षणी सुटी होऊन तारेवर आपटते. एकदा आपटली की त्या सुराचा जोर तुमच्या हातात उरत नाही. वर कितीही दाबून धरा, सूर विरतच जाणार. तुमच्या डिजिटल पियानोत तार नाही, पण पट्टीखालचे संवेदक हाच वेग मोजतात. पेटीवाल्याला इथे पोकळ वाटतं, कारण अभंगातला लांब सूर भात्यानं भरून काढायची त्याला सवय असते. मग तो पट्टी दाबून दाबून मनगट आखडून घेतो. ते करू नका.

आधी एकच सूर घ्या. पांढरी एक (पाश्चात्त्य सी), डाव्या हातानं, मधल्या बोटानं. अगदी ऐकू येईल न येईल इतका हळू वाजवा आणि तो पूर्ण विरेपर्यंत ऐका. मग थोडा मोठा, आणखी मोठा, असं चढत जा आणि तसंच उतरत या. पायऱ्या सारख्या पडल्या पाहिजेत. करायला कंटाळवाणं आहे, पण भात्याच्या हाताला जे येत होतं ते बोटात उतरवायचा याहून जवळचा रस्ता मला माहीत नाही.

मग डाव्या हाताला तानपुरा करा. करंगळी खालच्या सा वर, तर्जनी प वर, अंगठा वरच्या सा वर. सा, प, सा, प, असं संथ चालू ठेवा आणि त्यावर तुमचा पाठ असलेला एखादा अभंग गा. उजवा हात मांडीवर. गळा आणि डावा हात जमले की मगच उजव्या हातानं चाल वाजवा. दोन्ही हात पहिल्या दिवशी एकत्र आणण्याच्या नादात मोठ्या माणसांचा धीर सुटतो, मुलांचा सुटत नाही, कारण त्यांना घाई नसते.

बोटांचे क्रमांक दोन्ही हातांना सारखेच: अंगठा १, करंगळी ५. पांढरी एकपासून सरळ सप्तक चढताना उजव्या हाताला १-२-३, मग अंगठा खालून घालून १-२-३-४-५. डाव्या हाताला ५-४-३-२-१, मग मधलं बोट अंगठ्यावरून टाकून ३-२-१. पेटीवर अंगठा फारसा लागत नाही, म्हणून तो बाहेर लोंबकळतो. त्याला पट्टीवरच ठेवायची सवय लावा. आणि बैठक तपासा. आयुष्यभर मांडी घालून वाजवलं आहे, आता खुर्ची आली. कोपर पट्ट्यांच्या उंचीला हवं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुधा बुटकी पडते, खाली घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी घ्या. सकाळी वीस मिनिटं पुरे आहेत, पण रोज.

नाशिकहून अकरावीतला एक विद्यार्थी विचारतो: पियानो शिकायचा आहे. पैसे मर्यादित आहेत. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊ की थांबून ८८ चा?

थांबता येत असेल तर थांब. तुला पियानो शिकायचा आहे असं तू स्पष्ट लिहिलं आहेस, म्हणून खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या, वजनदार पट्ट्यांचं वाद्यच घे, वापरलेलं का असेना. साध्या कीबोर्डच्या पट्ट्या स्प्रिंगवर उचलल्या जातात, त्यावर बोटांत ताकद येत नाही. सिंथ वाजवायचा असता तर ६१ हलक्या पट्ट्या चालल्या असत्या.

दुकानात किंवा जुनं वाद्य पाहायला जाशील तेव्हा एकच पट्टी हळू आणि जोरात वाजवून बघ, फरक ऐकू आला पाहिजे. मग प्रत्येक पट्टी एकेक करून त्याच बेतानं वाजव. एखादी मध्येच किंचाळली तर तिच्याखालच्या रबरी संपर्कपट्टीत धूळ गेलेली असते. वाद्य उघडून साफ करता येतं, पण किंमत पाडून माग. हेडफोनची जागा, पेडलची जागा आणि यूएसबी असल्याची खात्री कर. आत किती शे आवाज आहेत याकडे बघू नकोस.

डोंबिवलीहून एक गायिका: मी काळी चारमध्ये (जी शार्प) गाते. घरी मुलाचा पियानो आहे, त्यावर सूर लावून रियाज करावा म्हटलं तर शुद्ध गंधार कानाला टोचतो. तानपुरा लावून पाहिला तर जास्तच टोचतो. वाद्य नवीन आहे. बिघडलेलं असेल का?

वाद्य ठीक आहे आणि तुमचा कान उत्तम आहे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे ज्याला ऐकू येतं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तानपुऱ्याची षड्जाची तार छेडली की तिच्यातून तुम्हाला स्वयंभू गंधार ऐकू येतो. तारेच्या कंपनसंख्येच्या पाचपट कंपनं असलेला तो सूर, दोन सप्तकं वर. तारेतून असे जे पटीतले सूर निघतात त्यांना उपस्वर म्हणतात, हा पाचवा. तो खाली आणला की सा आणि ग यांचं नातं ४ ला ५ असं येतं. पियानोवर हे नातं पाळलेलं नाही. तिथे सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत गाणं तितकंच बरोबर आणि तितकंच चूक वाजावं. सप्तकाला १२०० सेंट धरले तर पियानोचा गंधार ४०० वर येतो आणि स्वयंभू गंधार ३८६ वर. पियानोचा १४ सेंट चढा.

तुमच्याच काळी चारमध्ये मांडते. मध्यम सा सेकंदाला २०७.६५ कंपनांचा. त्याचा स्वयंभू गंधार सुमारे २५९.६. पियानोवर तुम्ही वाजवता ती वरची पांढरी एक, ती २६१.६. फरक जेमतेम दोनाचा. पण तानपुऱ्याच्या सा चा पाचवा उपस्वर आणि पियानोच्या ग चा चौथा उपस्वर १,०४० च्या आसपास शेजारी शेजारी येतात आणि सेकंदाला सुमारे आठ वेळा एकमेकांवर आदळतात. तुम्हाला टोचते ती ही थरथर आहे. पंचमात फरक अवघा २ सेंटचा, म्हणून तिथे तक्रार नाही. धैवत १६ नं चढा, निषाद १२ नं चढा, कोमल गंधार उलट १६ नं उतरलेला. एकदा सावकाश तपासून बघा.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हा मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही या आक्षेपाबरोबर हाही आक्षेप होता, आणि बंदी सैल व्हायला तीसेक वर्षं गेली. त्या काळातही महाराष्ट्रात नाट्यपदं पेटीवरच रंगत होती, आणि गाणारे आपला गंधार आपल्या गळ्यानं लावत होते. तुम्ही तेच करा. पियानोवरून फक्त सा आणि प घ्या, बाकीचे सूर तानपुऱ्यावर लावा. गळा पियानोच्या गंधारावर बसवू नका, नंतर तो उतरवणं फार कष्टाचं जातं.

मुलानं साथ करायची असेल तर त्याला डाव्या हातात ग वाजवू नको म्हणावं, नुसते सा-प धरावेत. गंधाराची जागा मोकळी राहिली की तुम्हाला हवा तसा लावता येतो. बऱ्याच डिजिटल पियानोंत टेंपरामेंट, म्हणजे सूर लावायची पद्धत, बदलायची सोय असते. त्यात शुद्ध मेजर निवडून मूळ सूर काळी चार ठेवला तर गंधार जागेवर येईल. मुलाचा पाश्चात्त्य धडा सुरू व्हायच्या आधी ते परत पूर्वीसारखं करा, नाहीतर त्याचे दुसऱ्या पट्टीतले कॉर्ड आंबट लागतील.

छत्रपती संभाजीनगरहून: लॅपटॉपला कीबोर्ड जोडून सॉफ्टवेअरचा पियानो वाजवतो. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. ब्लूटूथ हेडफोन चांगल्या कंपनीचे आहेत.

ब्लूटूथ काढा आणि वायरचे हेडफोन लावा. अर्धी तक्रार तिथेच संपेल. मग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर बघा, म्हणजे वाजवण्याआधी आवाजाचे किती नमुने साठवले जातात तो आकडा. १०२४ असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानं २३ मिलिसेकंद तिथेच जातात. १२८ केलंत तर ३ मिलिसेकंद. आवाज फुटायला लागला तर २५६ ठेवा. विंडोज असेल तर असिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर) घालून घ्या, फुकट मिळतो. उशिरा येणाऱ्या आवाजावर रियाज करू नका, लय बिघडते.

हिंजवडीत नोकरी करणारा एक वाचक: हौसेनं सिंथ घेतला. रोज रात्री तयार आवाज फिरवत बसतो, आवडतात, आणि दोन तास जातात. हातात काही येत नाही. घरचे म्हणतात हा नुसता आवाजाचा खेळ आहे, आपल्या संगीताचा याच्याशी काय संबंध. मला सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

घरच्यांना आधी दोन गोष्टी सांगा. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तिथे मांडून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई अशा मंडळींनी त्यावर काम केलं. रॉबर्ट मूग यांनी पहिला सिंथ घडवून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. आणि १९८२ मध्ये आपल्या मुंबईत चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन त्यांवर राग वाजवले, तबकडी काढली. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, तिच्यातून त्यांनी मींडेची वाट काढली. तेव्हा संबंध आहे, आणि चांगला जुना आहे.

आता तुमचं. तयार आवाज महिनाभर बंद. सिंथमध्ये कोरा आवाज असतो, बहुतेक ठिकाणी त्याला इनिट म्हणतात. तो घ्या आणि त्यातून तानपुरा बनवा. मी हाच धडा देते, कारण खरा तानपुरा कसा वाजतो हे मराठी माणसाच्या कानाला आधीच माहीत असतं. आपण किती चुकलो हे कुणाला विचारावं लागत नाही.

सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी, लहर निवडा. तिच्यात सगळे उपस्वर असतात: दुसरा निम्म्या ताकदीचा, तिसरा एक तृतीयांश, असे उतरत जाणारे. चौकोनी लहरीत फक्त विषम उपस्वर असतात, ती क्लॅरिनेटच्या बाजूला झुकते. आवाजाचा एन्व्हलप, म्हणजे तो वेळेनुसार कसा चढतो-उतरतो ते, असा लावा: अटॅक (चढणं) जवळजवळ शून्य, डीके (उतरणं) सहा-सात सेकंद, सस्टेन (पट्टी दाबलेली असताना टिकणं) शून्य, रिलीज (पट्टी सोडल्यावर विरणं) पाच सेकंद. आता पट्टी दाबा. तार छेडल्यासारखं काहीतरी वाजेल, पण मेलेलं.

मेलेलं वाजतं कारण जवारी नाही. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर असतो, आणि तार त्यावर घासत, टेकत थरथरते. खालचा दोरा नखभर सरकवला की आवाज उमलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात हेच दाखवलं की तार ज्या जागी छेडली तिथे जे उपस्वर दबायला हवेत तेही या घोडीमुळे ऐकू येतात. छेडल्यावर हे उपस्वर एकदम येत नाहीत. एकामागून एक पुढे येतात आणि मागे जातात. आपल्याला ते चालणं हवं आहे.

म्हणून वरचे उपस्वर कापणारा लो-पास फिल्टर घ्या आणि त्याचा रेझोनन्स, म्हणजे कापण्याच्या सीमेवरचा उंचवटा, वाढवत न्या. शिट्टी वाजायला लागेल त्याच्या थोडं अलीकडे थांबा. फिल्टरला वेगळा एन्व्हलप द्या: छेडताक्षणी उघडा, मग तीन-चार सेकंदांत सावकाश मिटत येणारा. रेझोनन्सचा उंचवटा एकेका उपस्वरावरून खाली उतरत जातो आणि प्रत्येक जण क्षणभर चमकतो. हे पहिल्यांदा ऐकू आलं की तुम्ही खुर्चीतून उठाल, मी सांगते. की-ट्रॅकिंग (सूर वर गेला की फिल्टरही वर सरकणं) पूर्ण ठेवा, म्हणजे चारही तारांना सारखी वागणूक मिळेल. दुसरा ऑसिलेटर (लहर निर्माण करणारा भाग) दोन-तीन सेंटनं सरकवा, जोडीच्या तारा तशाच असतात. फिल्टरवर एक अगदी संथ, अगदी उथळ एलएफओ, म्हणजे त्याला हळूहळू वर-खाली हलवणारी लहर, सोडा, म्हणजे दोन छेडण्या हुबेहूब सारख्या होणार नाहीत.

आता वाजवा: प, सा, सा, खालचा सा. सूर आपोआप एकामागून एक वाजवणारा अर्पेजिएटर लावू नका. हातानं छेडा, आणि मनातल्या कुठल्याही तालाला बांधून घेऊ नका.

हे जमलं की मींडेकडे वळा. सिंथ मोनो करून (एका वेळी एकच सूर) ग्लाइड लावला तर सूर घसरतो, पण दर वेळी एकाच साच्यात. मींड तशी नसते, ती मधल्या सुराला टेकते, रेंगाळते, शेवटी पटकन पोहोचते. त्यासाठी डाव्या हाताचं पिच व्हील, सूर वर-खाली सरकवणारं चाक. कारखान्यातून ते बहुधा वर-खाली दोन अर्धस्वरांपुरतं येतं. पाच करून घ्या, म्हणजे सा वरून मध्यमापर्यंत जाता येईल. वरच्या मिरजेच्या काकांचं पत्र वाचा. भात्याचा हात सिंथवर पुन्हा कामाला लागतो, एक बोट व्हीलवर, दुसरं मॉड्युलेशनवर. पेटीवाले हे इतक्या लवकर उचलतात की पियानो शिकलेले मागे पडतात.

पैसे खर्च न करता आणखी शिकायचं असेल तर सर्ज एक्सटी आणि व्हीसीव्ही रॅक ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. रॅकमध्ये वायरी स्वतः जोडाव्या लागतात, त्यामुळे आवाज कुठून कुठे जातो ते डोळ्यांना दिसतं.

रत्नागिरीहून: मडगावच्या मावशीनं तिचा जुना उभा पियानो आम्हाला दिला. वर्षानुवर्षं लावलेला नाही. जूनपासून पट्ट्या अडकतात, वर येतच नाहीत. तेल घालू का?

तेल अजिबात नको. कुठलंही नको, फवाऱ्याचं तर मुळीच नको. पट्ट्यांच्या आत लोकरी नमद्याचे तुकडे असतात, ते दमट हवेनं फुगतात आणि पट्टीला धरून ठेवतात. तेल लागलं की ते कायमचे चिकट होतात. पियानो लावणारा एका चिमट्यानं ते दाबून मोकळे करतो.

पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १८ टनांच्या आसपास जातो. मागचा लाकडी ध्वनिफलक पावसाळ्यात फुगून तारांना आणखी ताणतो, त्यामुळे मधले सूर चढतात. हिवाळ्यात उतरतात. कोकणात जुलैत लावून घेतलेला पियानो डिसेंबरपर्यंत टिकत नाही, म्हणून दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बोलवा. इतकी वर्षं पडलेला पियानो एका दमात ४४० कंपनांच्या प्रमाण सुराला आणायचा हट्ट धरू नका, तारा तुटतात. दोन खेपांत चढवू द्या.

बाहेरच्या भिंतीपासून तो हातभर आत ओढा, खिडकीसमोरून हलवा. आत बसवायची विजेची गरम कांडी मिळते, आर्द्रता बघून आपोआप चालू-बंद होणारी. ती लावणाऱ्याकडूनच बसवून घ्या. पूर्वी लोक आत मंद दिवा जळत ठेवायचे. लाकूड आणि नमदा यांच्याशेजारी तसलं काही करू नका. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या मलमलीत बांधून तळाशी ठेवा.

पण पियानो ठेवा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी मुलांना नोटेशन वाचायला शिकवलं, आणि त्याच शिक्षणातून सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक मुंबईत येऊन चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत बसले. मावशीच्या पियानोवर कोण काय शिकलं होतं ते तिला विचारून लिहून ठेवा. वाद्याच्या मागच्या लाकडावर लावणाऱ्यांनी पेन्सिलीनं तारखा लिहिलेल्या असतात, त्याही बघा.

चेंबूरहून: मी हेडफोन लावून रात्री वाजवते, तरी खालच्या काकू तक्रार करतात. त्यांना काय ऐकू येणार?

धप्प धप्प ऐकू येतं. वजनदार पट्ट्या तळाला आपटतात, ते धक्के स्टँडच्या पायांतून लादीत आणि लादीतून खालच्या छतात जातात. एकदा घरच्या कुणाला तरी वाजवायला बसवा आणि काकूंकडे जाऊन स्वतः ऐका. मग जाड रबराचा थर, त्यावर प्लायवूड, त्यावर पुन्हा रबर, आणि त्यावर स्टँड, असं करा. पेडलखालीही रबर घाला. नुसत्या गालिच्यानं फारसं होत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र दहा ते सहा धरली आहे. दहानंतर वजनदार पट्ट्या मिटवून हलक्या पट्ट्यांच्या सिंथवर बसा. काकूंना तुम्ही काय वाजवता ते एखाद्या संध्याकाळी वर बोलावून ऐकवलंत तर फार बरं.

कोल्हापूरहून एक वाचक: काका ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. माळ्यावर त्यांचा यामाहा डीएक्स ७ सापडला, चादरीत गुंडाळलेला. काका आता वाजवत नाहीत, पण त्यातले आवाज त्यांनी स्वतः बनवले होते म्हणतात. चालू करू का?

थांबा, लगेच प्लग लावू नका. पाठीमागची पट्टी वाचा. परदेशातून आणलेला असेल तर तो १०० किंवा ११० व्होल्टचा असू शकतो, आपले २३० व्होल्ट त्याला जाळतील. इतकी वर्षं बंद असलेलं वाद्य आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकारानं उघडून बघावं.

तुमच्या हातात काय आलं आहे ते सांगते. डीएक्स ७ हा सिंथ १९८३ मध्ये आला. त्यातली एफएम पद्धत स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधली: एका लहरीनं दुसरीची कंपनसंख्या इतक्या वेगानं हलवायची की तिच्यातून नवेच उपस्वर फुटतात. अशा लहरी देणारे सहा ऑपरेटर, आणि ते एकमेकांना जोडायच्या ३२ तऱ्हा. घंटा, इलेक्ट्रिक पियानो, काचेवर टिचकी मारल्यासारखे आवाज त्यातून अप्रतिम निघतात. पण वर फिरवायच्या खुंट्या जवळजवळ नाहीत, सगळं बटणं दाबून छोट्याशा पडद्यावर आकडे भरायचं. त्यावर स्वतःचे आवाज बनवणारे फार थोडे होते. तुमचे काका त्यांतले असतील तर ते मोठ्या चिकाटीचे आणि तयार कानाचे गृहस्थ आहेत.

त्यांचे ३२ आवाज आतल्या एका लिथियम बॅटरीवर जिवंत राहतात. बॅटरी अजून तग धरून असेल तर आवाज असतील. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला बजावून सांगा की आवाज उतरवून घेतल्याशिवाय बॅटरी काढायची नाही. काढली की सगळं पुसलं जातं.

उतरवायचं असं: मिडी-यूएसबी केबलनं (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना माहिती पाठवायची पद्धत) वाद्य लॅपटॉपला जोडा, फंक्शनमध्ये ८ नंबरच्या बटणाखाली सिस्टिम इन्फो अव्हेलेबल करा, मग मिडी ट्रान्समिटला हो म्हणा. लॅपटॉपवर सिसेक्स, म्हणजे वाद्याच्या आतली ही माहिती, पकडणारं फुकटचं सॉफ्टवेअर चालू ठेवा. आलेली फाइल बरोबर ४,१०४ बाइटची हवी. कमी असेल तर केबल डेटा गिळते आहे, स्वस्त केबली असं करतात, दुसरी आणून पुन्हा करा. फाइलच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. मग बॅटरी बदला आणि तीच फाइल परत आत पाठवा.

डेक्स्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर ही फाइल जशीच्या तशी उघडतं, म्हणजे वाद्य दुरुस्तीत असतानाही काकांना त्यांचे आवाज लॅपटॉपवर ऐकवता येतील. प्रत्येक आवाजाला दहा अक्षरांचं नाव देता यायचं. काकांनी काय नावं दिली आहेत ते बघा. कुठला आवाज कोणत्या गाण्याला लावायचे, सनईचा आवाज कसा काढला, हे त्यांच्याकडून एकेक करून विचारून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. ऑर्केस्ट्रावाल्यांचं हे ज्ञान कुठे लिहिलेलं सापडत नाही. आवाज शाबूत निघाले तर मला नक्की कळवा, पुढच्या अंकात काकांची नावांची यादी छापायला मला फार आवडेल.